खिरीसाठी खारदांड्याचा बर्फ

सांगलीची बस मला सकाळी घाटकोपरला हायवेवर उतरवून गेली. आमच्याकडे सहकार म्हटला की साखर कारखाना आणि दूध डेअरी. मुंबईत सहकार म्हणजे पार्किंगवरून भांडणाऱ्या हाउसिंग सोसायट्या, अशी माझी पक्की समजूत होती. मामेबहीण वैशालीने मैत्रिणींसोबत जेवण पुरवणारी सहकारी संस्था काढली, तेव्हा मी मनातल्या मनात हसलेच होते.

एका सोसायटीच्या तळमजल्यावर तिचं स्वयंपाकघर. मी पोचले तर मैत्रिणी अजून यायच्या होत्या आणि वैशाली बंद पडलेल्या मोठ्या फ्रीजपुढे एकटीच रडत उभी. बुद्ध पौर्णिमेचा दिवस, वैशाखाचं ऊन, आणि दुधाचे कॅन भिंतीशी रांगेत. विहारातल्या खीरदानासाठी खीर संध्याकाळी ताजीच हवी होती. तोवर एवढं दूध तापवून ठेवायला टोप नव्हते.

“वाट लागली, ताई. पहिली मोठी ऑर्डर. ही फसली तर आम्हाला परत कोण विचारणार?”

मग तिलाच हेमा आठवली. हेमा खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीतली. एका पतसंस्थेच्या प्रशिक्षणात दोघी शेजारी बसलेल्या. वैशालीने फोन लावला आणि बर्फाचा टेम्पो निघाला.

“आयले गो!” म्हणत हेमा उतरली. तिच्यामागून बर्फाच्या लाद्या आणि गोणपाटांचा असा वास, की पायसाला बोंबलाची फोडणी बसलीच म्हणून समजा.

“बर्फ आत नको,” वैशाली नाक धरून म्हणाली. “पण उन्हात ठेवू कुठे?”

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी आले. आवारातल्या सगळ्या मनाईच्या पाट्या त्यांच्याच. मी भांडणाच्या तयारीत होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला.

“मुलांचा पोहायचा हौद सावलीत आहे. माळी रिकामा करतोय. कॅनची झाकणं नीट आवळा.”

“पण नियम?” मी न राहवून विचारलं.

“अहो, आमच्या आईचा डबा यांच्याकडूनच येतो. नियमाचं मी बघतो ना.”

कॅन हौदात, भोवती बर्फ, वर गोणपाट. शाकाहारी कुलकर्णी दुपारभर खुर्ची टाकून राखणीला बसले. दूध टिकलं. संध्याकाळी विहारात वेलचीचा वास दरवळला, आणि खीर चाखून कमिटीतल्या आजी म्हणाल्या, “पावसाळ्यात वर्षावासाची प्रवचनं असतात, तेव्हाचं भोजनही तुम्हीच करा गं.” संस्थेतल्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मीही घुसले त्यात.

दुसऱ्या दिवशी मला बसवर सोडायला वैशाली आली नाही. राखून ठेवलेली खीर घेऊन ती खारदांड्याला गेली होती. बर्फवाली बहिणीपेक्षा जवळची झाली म्हणून एरवी मी रुसले असते. पण बस सुटली तेव्हा मला फार आनंद होत होता. फ्रीजपुढे एकटी रडणारी माझी बहीण या शहरात एकटी राहिली नव्हती.