पॉलिश केलेली गाडी

आमच्या गल्लीतला मेकॅनिक माणसांशी कमी आणि बॉनेटशी जास्त बोलतो. काही विचारलं, की आधी हातातला पाना पुसतो, मग उत्तर देतो. आणि ते ऐकून वाटतं, उगाच विचारलं.

दोन वर्षं पार्किंगमध्ये पडून असलेली गाडी मी अंधांच्या संस्थेला द्यायची ठरवली. मोठ्या मनाने तिला पॉलिश करून घेतलं, नवी सीट कव्हरं घातली आणि एकदा तपासायला म्हणून याला बोलावलं.

गाडीभोवती चक्कर मारून तो म्हणाला, "चकाचक आहे. बघणार कोण?"

मग दिवसभर खपून त्याने करकरणारी दारं सैल केली आणि बंद पडलेला हॉर्न वाजता केला.

"हॉर्नची एवढी काय घाई?" मी विचारलं.

पाना पुसून झाला. "गाडी आली हे त्यांना कळायला नको?"

संस्थेत गाडी त्यानेच आणली. मी आधीच तिथल्या मंडळींच्या मधोमध, फोटोग्राफरसमोर उभा होतो. फाटकातून शिरताना त्याने हॉर्न दिला आणि त्याच क्षणी फोटो निघाला.

छान आलाय. सगळे हॉर्नच्या दिशेला वळून मनापासून हसताहेत. कॅमेऱ्याकडे बघणारा मी एकटाच.