आतोबांच्या छत्र्या

आभाळ म्हणजे मालानं खच्चून भरलेलं गोदाम आहे आणि त्याचं दार कुणीतरी उघडं टाकून गेलंय, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. तासगावात बेदाण्याची दलाली करायचे. करायचे म्हणजे, बेदाणा आपला आपण वाळायचा, गिऱ्हाईक आपलं आपण यायचं आणि आतोबा गच्चीवर असायचे. नव्वदीच्या त्या वर्षांत गावोगाव केबलवाल्यांचं अमाप पीक आलं आणि आलं तसं झोडपूनही निघालं. मोठ्यानं धाकट्याला गिळलं, धाकट्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलं, आणि त्यांच्या त्या अगडबंब जाळीच्या छत्र्या गच्च्यांवर गंजत पडल्या. लोक त्यांना भंगार म्हणायचे. आतोबा त्या एकेक करून घरी आणायचे, घासायचे, चेपलेल्या ठोकून सरळ करायचे, चंदेरी रंग द्यायचे आणि फुकटातले चॅनेल पकडायचे. "पाऊस फुकट, ऊन फुकट, वारा फुकट. ह्येबी वरनंच पडतंय की रं गड्या. मग त्याला दर म्हैन्याला पैसं कशापायी द्यायचं?" एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

पडीक छत्री हुडकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एस.टी.त बसले की लोक खिडकीतून शेतं बघतात, डोंगर बघतात. हे गच्च्या बघत. एकदा साताऱ्याला आमच्या लांबच्या नात्यातले एक गृहस्थ वारले म्हणून मी आणि आतोबा भेटायला गेलो. आतोबा इतके गहिवरले की मलाच संकोच वाटायला लागला. त्यांच्या बायकोनं, त्या माउलीनं, चहा पुढं केला तर यांनी तो हातानंच परतवला आणि म्हणाले, "वयनी, त्यांची एखादी आठवण जवळ असावी, असं लय वाटतंय." तिला बिचारीला वाटलं, फोटो मागतायत. म्हणाली, "काय हवं ते घेऊन जा, भाऊजी." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत आतोबा जिन्यात होते. गेलेल्या गृहस्थांनी कधीकाळी केबलचा धंदा केला होता, हे मला गच्चीवर पोचल्यावर कळलं. दुखवट्याला जाताना खिशात पाना घेऊन जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. येताना पाकळ्या सुट्या केलेली ती छत्री आमच्याबरोबर एस.टी.च्या टपावर होती, आणि कराडपर्यंत आतोबा मला समजावत होते की, मेलेल्या माणसाची वस्तू चालू राहिली की त्याच्या आत्म्याला शांती मिळते.

पाचगणीची तर और तऱ्हा. तिथल्या एका हॉटेलवाल्याची छत्री उतरवून आम्ही जीपच्या टपावर बांधली. सुटी करायला मी हज्जारदा सांगितलं, पण आतोबांना तिचा आकार मोडवेना. घाटात वारं असं भरलं की जीप उताराला लागलीय आणि तरी पुढं सरकेना. ड्रायव्हर घाबराघुबरा होऊन म्हणाला, "काका, मागनं कुणीतरी वढतंय." आतोबा म्हणाले, "वढू दे. डिझेल वाचंल." वाईला पोचेपर्यंत मी सगळ्या कुलदैवतांची नावं घेऊन संपवली आणि शेजाऱ्यांच्या कुलदैवतांना हात घातला.

एवढं करून दिसायचं काय? जगात ज्याला कुणी गिऱ्हाईक नाही ते सगळं. कुठल्याशा बर्फाळ देशातली माणसं दिवसभर मासे कापतायत. एक बाई भिंतीवर काठी ठेवून चिनी बाराखडी शिकवतेय. डोक्याला रुमाल बांधलेला एक अरब गृहस्थ तासन्‌तास बातम्या वाचतोय. आतोबा त्याला 'आपला अब्दुल' म्हणत. अब्दुल दोन दिवस दिसला नाही की ह्यांना चैन पडायचं नाही. "रजा घेतली आसंल, पोरगी उजवायची आसंल त्यालाबी," म्हणायचे. एक अरबी मालिका तर त्यांनी गल्लीतल्या बायकांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत सांगितली. "ही सावत्र आई. ह्यो तिचा भाऊ, लय बाराचा. जमीन लाटायला बसलाय." आत्याच्या मैत्रिणी पदर डोळ्याला लावून ऐकायच्या. ती मालिका मुळात जमिनीची होती की आणखी कशाची, ते त्या अरबांनाच ठाऊक.

पण एकदा हा ज्ञानाचा व्यापार अंगाशी आला. तासगावात द्राक्षं उतरायच्या दिवसांत 'पाऊस' हा शब्द मोठ्यानं उच्चारणंसुद्धा पाप. आतोबांनी कुठल्यातरी परदेशी चॅनेलवर हवामानाचा नकाशा पाहिला, त्यात खाली निमुळता होत गेलेला एक देश पाहिला, त्यावर काळाकुट्ट ढग पाहिला, आणि गल्लीतून ओरडत सुटले, "उद्या धो धो पडतोय! द्राक्षं काढा!" शेजारच्या बागायतदारानं बायकापोरांसकट बागेत पळत जाऊन निम्मी बाग कच्चीच उतरवली. दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की बोलायची सोय नाही. तो बागायतदार तावातावानं दारात आला, तर आतोबा शांतपणे म्हणाले, "पडला की पाऊस. मी टीव्हीवर बघितला. आपल्यात न्हाई पडला, त्याला मी काय करू?"

आत्या मात्र ह्या छत्र्यांना सवत म्हणायची. अर्थात सवतीकडून काम करून घ्यायलाही ती कमी करायची नाही. उताण्या ठेवलेल्या छत्रीत तिचे सांडगे नामी वाळायचे. तिचा खरा घोर वेगळाच होता. आतेबहीण वैशू लग्नाची झालेली. पोरगी गुणाची, दिसायला चारचौघीत उठून दिसणारी, पण स्थळ दारात आलं की आधी नजर वर जायची. गच्चीवर एवढाल्या छत्र्या आऽ वासून उभ्या. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, "भंगाराचा धंदा कवापास्नं?" दुसरे तर काही न विचारताच गेले आणि गावात सांगत सुटले की, ह्या माणसावर पोलिसांची नजर असणार. बापाच्या खुळापायी पोर घरात राहणार, असं आत्यानं धरूनच घेतलं होतं. वैशू कधी बापाला बोलली नाही. उलट रोज संध्याकाळी टीव्हीपुढं तीच बसायची. वर आतोबा छत्री केसभर सरकवणार, "आलं का गं?" ओरडणार, आणि ही खालून सांगणार, "नाही आबा, नुसत्या मुंग्या." बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते असं.

तिसरं स्थळ सांगलीचं आलं. मुलगा बँकेत, वडील कोर्टातनं नाझर म्हणून निवृत्त झालेले. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर कायमची आठी आणि बोलणं असं मोजकं की जणू प्रत्येक शब्दाला स्टॅम्प लावावा लागतोय. आत्यानं आतोबांना देवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली की छत्रीचा 'छ' काढायचा नाही. आतोबांनी शपथ तर घेतलीच, वर सगळ्या छत्र्या ताडपत्रीनं झाकल्या. तिथंच घात झाला. पोहे पुढं आले, नाझरसाहेबांनी पहिला घास घेतला, आणि सुटलेल्या वाऱ्यानं ती ताडपत्री शिडासारखी फुगली. वर धाडकन आवाज झाला. सगळ्यांत मोठी छत्री खांबासकट कलली होती आणि कठड्यावरून खाली रस्त्याकडं वाकून बघत होती. खाली पोरं गोट्या खेळत होती. आतोबा धावले, मी धावलो, आणि माणुसकीला जागून नाझरसाहेबही ताटली ठेवून धावले. तिघांनी मिळून ती कशीबशी आवरली. खांब नाझरसाहेबांच्या मिठीत होता. देवाची शपथ, तिथं संपायला हवं होतं. पण आतोबांनी एक डोळा मिटून आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "आता धरलंच हाय तर जरा डावीकडं घेता का, पावनं?"

पुढं काय झालं ते सांगताना मला अजून घाम फुटतो. आतोबांनी गच्चीवरून हाक दिली, "वैशे, आलं का गं?" वाऱ्यात ती खाली पोचेना. काय गडबड म्हणून नवरा मुलगा जिन्यात आला होता. आतोबांनी त्याला तिथंच थांबवून निरोप्या केला. म्हणजे वर बाप विचारणार, जिन्यातून हा विचारणार, "आलं का, विचारतायत," आतून वैशू सांगणार, "थोडं आलं, पण माणसाला दोन डोकी दिसतायत," आणि हा तेच वर सांगणार. पुढं पुढं तर आतोबांनी विचारलेलं नसतानाही जिन्यात बोलणं चाललेलं ऐकू यायला लागलं. मग वैशूचं हसू ऐकू आलं. मग त्याचं. शेवटी अब्दुल आला, स्वच्छ आला, तेव्हा नाझरसाहेबांच्या सदऱ्यावर गळ्यापासून पोटापर्यंत गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. ते खाली आले, हात धुतले, गार झालेला चहा प्याले आणि "येतो" एवढं म्हणून निघून गेले.

आत्या चुलीपुढं बसून रडली. आतोबांशी बोलणं टाकलं. एरवी कशालाही उत्तर तयार असणारा हा माणूस त्या आठवड्यात एकदाही वर गेला नाही. मला म्हणाला, "भंगारवाल्याला धाडून दे रं. समद्या घेऊन जाऊ दे. माझ्या पोरीपरीस काय त्या मोठ्या न्हाईत." मी खरंच भंगारवाल्याकडं निघालो होतो, तेवढ्यात मध्यस्थ दारात हजर. मुलाकडून होकार होता. मुलगा म्हणे घरी जाऊन बोलला, "इतका वेळ सगळे मिळून तिला तेच तेच विचारत होते, तरी एकदाही चिडली नाही. ह्याहून जास्त काय पारखायचं?" आणि नाझरसाहेब? ते म्हणाले होते, "माझं मत कुणी विचारलेलं नाही. सदरा मात्र नवीन घ्यावा लागेल."

लग्न झालं. रुखवतात लाडू-चिवड्याच्या शेजारी आतोबांनी एक छत्री मांडली, मोरपंखी रंगाची, वर पाकळ्यापाकळ्यांवर वेलबुट्टी. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. नाझरसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. छत्री वैशूबरोबर सांगलीला गेली आणि नाझरांच्या गच्चीवर बसली.

पोरगी गेली आणि आतोबा एकदम रिकामे झाले. तासगावाहून सांगली ती काय, मनात आणलं की पोचावं. पण आमच्याकडं जुना रिवाज: लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरच्या पाण्यालाही शिवायचं नाही, आणि कारण काढल्याशिवाय तिच्या दारात जायचं नाही. जगातले सगळे नियम धाब्यावर बसवणारा हा माणूस हा एक नियम मात्र जिवापाड पाळायचा. "लोकं पोरीला बोलत्यात," म्हणायचे. गच्चीवर जाऊन बसायचे, छत्रीला हातही लावायचे नाहीत. आत्यासुद्धा म्हणायला लागली, "आवं, तो मेला अब्दुल तरी लावा की!"

मग एके दिवशी सांगलीहून निरोप आला की छत्री सरकली आहे, चॅनेल गेले आहेत. आतोबा हातातला चहा टाकून एस.टी.त बसले. छत्री बसवून आले. आठवड्यात ती परत सरकली. पुढं दर रविवारचा तो नेमच झाला. आतोबा पिशवीत पाना, भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन जायचे, छत्री जुळवायचे, आणि तिथंच गच्चीवर आपली भाकरी सोडायचे. "गच्ची म्हंजे काय घर न्हवं. ते आभाळ," असा त्यांनी निकाल देऊन टाकला होता. वैशू जवळ बसून त्यांना भाकरी खाताना बघायची, आणि सासूची नजर चुकवून लसणाची चटणी वाढायची. चटणी पाण्यात धरायची नाही, असाही एक निकाल होताच.

मी त्या वेळी सांगलीतच नोकरीला होतो. एका शनिवारी संध्याकाळी आत्यानं दिलेला बेदाणा पोचवायला नाझरांकडं गेलो. वैशू बाजारात गेली होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं, रंगीत आणि लख्ख. मी चमकलोच, आतोबांच्या छत्रीत असलं काही कधी येत नसे. नाझरसाहेब वर आहेत म्हणून मी गच्चीवर गेलो. बघतो तर हा गृहस्थ धोतराचा काचा मारून, हातात पाना घेऊन, छत्रीचा नट सैल करतोय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हातारा अजून त्या सदऱ्याचा सूड घेतोय! "नाझरसाहेब, हे काय चाललंय?"

ते दचकले. मग हळू आवाजात म्हणाले, "ओरडू नका. केबल आमच्याकडं लग्नाआधीपासून आहे. रविवारी सकाळी तिची वायर काढून कपाटामागं टाकतो आणि ह्या छत्रीची लावतो."

"मग ही मोडायची कशाला?"

"मोडत नाही हो. आटा-दीड आटा सैल करतो फक्त. जास्त केली तर त्यांना उन्हात फार वेळ उभं राहावं लागेल, वय झालंय त्यांचं." त्यांनी पाना धोतराला पुसला. "सूनबाई शनिवारपासूनच जिन्याकडं बघायला लागते. आणि त्यांना नुसतं 'या' म्हटलं असतं तर ते आले असते का?"

छत्री त्यांच्या हाताखाली जराशी झुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसस्टँडवर आतोबांना गाठलं. तासगावची गाडी लागायची होती. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, उन्हानं तोंड रापलेलं, पण चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. मला बघून म्हणाले, "तुमच्या सांगलीचं वारं लय वंगाळ रं. किती बी आवळून बसवा, आठ दिसात छत्री हलतीच."

मी म्हटलं, "व्हय आतोबा, लय वंगाळ."