दोन भिंतींवरच्या वेणूबाई

सासरच्या, म्हणजे लेल्यांच्या, कुलसंमेलनात मंगल कार्यालयाच्या एका भिंतीवर कुळातल्या नामवंतांचे फोटो लावले होते. पगडीवाले सरदार, एक वैद्य, एक न्यायाधीश, सगळे लेले. आयुष्यात एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं केवळ आडनावामुळे एका पंगतीला बसल्यासारखी दिसत होती. कडेला तंबोरा घेऊन, डोळे मिटून गाणाऱ्या वेणूबाई.

हाच फोटो मी आधी पाहिला होता, माझ्या माहेरी, केळकरांच्या संमेलनात. तिथे झेंडूचा हार होता आणि खाली 'वेणूबाई केळकर' असं लिहिलं होतं. इथे चंदनाचा हार आणि 'वेणूबाई लेले'. मला गंमत वाटली.

शेजारी वत्सलाकाकू, माझ्या चुलत सासूबाई, उभ्या होत्या. वेणूबाई त्यांच्या थोरल्या जाऊबाई.

"माहेरच्यांनी यांना चारचौघांत कधी गाऊ दिलं नाही," काकू म्हणाल्या, "आणि आमच्याकडे तर तंबोराच माळ्यावर गेला. शेवटी वेगळी खोली घेऊन राहिल्या, तेव्हा दोन्ही घरांनी येणंजाणं तोडलं."

"मग हा फोटो?"

"नाव झालं ना गं नंतर." काकूंनी पदराने काच पुसली. "त्यांची एक तबकडी आहे माझ्याकडे. तिच्यावर नुसतं 'वेणूबाई' आहे. आडनाव त्यांनी कुणाचंच लावलं नाही."

तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "सर्व लेल्यांनी पानावर बसून घ्यावं!" आम्ही दोघी वळलो. फोटोतल्या वेणूबाई तशाच डोळे मिटून गात होत्या, ती हाक दुसऱ्याच कुणाला असावी तशा.