दार नसलेल्या घरातलं शूगेझ

आधी एक दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये नगरच्या एका कॉलेजातल्या कार्यक्रमाबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की वृषालीच्या बँडच्या वेळी साऊंड सिस्टीम इतकी वाईट होती की गाण्याचा एक शब्द कळला नाही. हे चूक आहे. सिस्टीम चांगली होती. शब्द कळू नयेत अशीच त्या संगीताची मांडणी असते. साऊंडवाल्या दादांची त्या पोस्टवरून ज्यांनी थट्टा केली, त्यांनी कृपया हीही पोस्ट वाचावी.

दुसरी चूक नावाची. या संगीताला शूगेझ म्हणतात. लाजाळू मुलं बुटांकडे बघत वाजवतात म्हणून हे नाव पडलं, असं मी लिहिलं होतं. ते बघतात खालीच, पण बुटांकडे नव्हे. पायापुढे छोटे छोटे डबे मांडलेले असतात, त्यांना पेडल म्हणतात. एक दाबला की गिटारचा आवाज फाटतो, दुसरा दाबला की तोच आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, तिसऱ्याने तो स्वतःच्या मागेमागे येत राहतो. खाली बघितलं नाही तर भलताच डबा दाबला जातो. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या संगीताच्या मासिकवाल्यांनी चेष्टेने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आपल्याकडे आडनावं अशीच पडतात.

ही दुरुस्ती वृषालीला फोनवर वाचून दाखवली. ती माझी पुण्यातल्या कॉलेजातली मैत्रीण. शिक्षण झाल्यावर शनिशिंगणापूरला घरी परतली, शेतीचे हिशेब बघते आणि गिटार वाजवते. ती म्हणाली, "दुरुस्ती छान आहे. पण तू अजून नीट ऐकलेलंच नाहीस. घरी ये. आणि एका गाण्याला दुसरा आवाज हवाय. तुझा."

मी म्हटलं, ऐकायला येते, गायला नाही.

कारण सांगते. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आईनेच घरी शिकवलं. कविता, पाढे, श्लोक, सगळं मोठ्याने आणि स्पष्ट म्हणायचं. शेवटचं अक्षर खाल्लं की ओळ पुन्हा. त्या मोठ्याने म्हणण्यातून गाणं आलं, पण ते घरातच राहिलं. चारचौघांत गायचं म्हटलं की मला आधी चुका दिसतात, मग लोक. निघायच्या आदल्या दिवशी आईला या संगीताबद्दल सांगितलं तर तिने एकच विचारलं, "शब्दच कळणार नसतील तर गायचं कशाला?" तो प्रश्न घेऊनच मी गाडीत बसले.

जाणाऱ्यांसाठी माहिती. शनिवार आणि अमावास्या टाळा, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मी सोमवारी गेले. पुण्याहून संभाजीनगरकडे जाणारी एसटी धरायची आणि घोडेगावला उतरायचं. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर असतं, कंडक्टर ओरडतो "नगर, नगर". माझा जन्म नगरचा, त्यामुळे दोन्ही नावांना मी मनात हात वर करते. घोडेगावहून शिंगणापूरला शेअर जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पाणी जवळ ठेवा.

वाटेत रसवंत्या लागतात, बैल फिरवून रस काढणाऱ्या. वृषाली मला घ्यायला मोटरसायकलवर तिथपर्यंत आली होती. आलं-लिंबू घातलेला रस घेतला. बर्फ नको म्हटलं तर रसवाल्या मावशी वृषालीला म्हणाल्या, "पुण्याची हाय का? घशाला जपतीय."

"गायला आलीय," वृषाली म्हणाली.

"ऐकायला," मी म्हटलं.

"मंग बर्फ घे की," मावशी म्हणाल्या.

वृषालीचं घर गावाबाहेरच्या वस्तीवर आहे. पुढे कांद्याची चाळ, मागे ऊस. घराला चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. हे मला अर्थातच माहीत होतं, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि त्या घरात स्वतःचा लॅपटॉप ठेवणं वेगळं. पुण्यात कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघते. वृषालीच्या वडिलांना, नानांना, मी दोनदा विचारलं की बॅग कुठे ठेवू.

"कुटंबी ठेव," नाना म्हणाले. "रातच्याला फळी आडवी लावतो."

"चोरांसाठी?"

"कुत्र्यासाठी. ते लई वंगाळ हाय, चपला नेतं."

या घरात तीन माणसांचा बँड सराव करतो. वृषालीची गिटार आणि गाणं, तिचा चुलतभाऊ आबा ड्रमवर, आणि सोनईहून येणारा इम्रान बेस गिटारवर, जो दोन दिवसांत माझ्याशी बहुधा चार वाक्यं बोलला. आबा एरवी लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवतो. शूगेझ हे मुळात मोठ्या आवाजाचं काम. पुण्यातली मुलं त्यासाठी भिंतींना फोम चिकटवलेली खोली भाड्याने घेतात. इथे पडदासुद्धा वाऱ्याने उडतो. आणि घरात चपला बूट काढूनच यायचं, त्यामुळे वृषाली पेडल अनवाणी दाबते. अंगठ्याने बटण फिरवते. नावातले बूटच इथे नाहीत, हे मी तिला म्हटलं तर ती म्हणाली, "लिही तसं. आम्ही अंगठागेझ."

संध्याकाळी सराव सुरू झाला आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं. सांगायचा प्रयत्न करते. उभ्या उसात आत शिरलात तर सळसळ सगळीकडून येते. एखादं पान वेगळं काढून ऐकता येत नाही, आणि तरी तो नुसता गोंगाट नसतो, त्यात वारा कुठून येतोय ते कळतं. गिटार तशी वाजत होती. एका हाताने तारा छेडताना वृषाली त्याच हातात धरलेली गिटारची दांडी हलकेच दाबत होती, त्यामुळे सूर सरळ उभा न राहता डोलत होता. आवाज छातीत लागत होता. आणि या सगळ्याच्या आत, वर नाही, आत, तिचं गाणं होतं. मृदू, जवळजवळ कुजबुजल्यासारखं. आपल्या गाण्यांत आवाज पुढे आणि वाद्यं मागे बसतात. इथे आवाज वाद्यांच्या पंगतीत बसतो, त्यांच्याच पानावर जेवतो.

मी शब्द पकडायचा प्रयत्न केला. पकडता येईनात. मग सोडून दिला, आणि गंमत म्हणजे तेव्हा गाणं ऐकू आलं.

सराव संपल्यावर नाना म्हणाले, "ते पावलीचं गाणं झ्याक झालं आज."

"कसलं पावलीचं?" मी विचारलं.

"वाटणीत गेली पावली. जिमिनीची वाटणी झाल्ती ना आमची. पोरीनं बराबर गाणं केलंय."

आबा ड्रमच्या काड्या आवरत म्हणाला, "नाना, पावली तुमची गेली का आमची? काढू का सातबारा?"

वृषाली हसून लोळायची बाकी होती. खरी ओळ आहे 'वाळत घातली सावली'. नानांना ती गेले काही महिने वाटणीत गेलेली पावली वाटतेय आणि तिने कधी दुरुस्त केलेलं नाही. मला हे सहन होईना. मी म्हटलं, अगं, सांग त्यांना. ती म्हणाली, "का?"

मग चाळीपाशी बसून तिने मला एक गोष्ट सांगितली. दार नसलेल्या घरात वाढलेल्या मुलीला रुसायला जागा नसते. आदळायला दारच नसतं. "शाळेत असताना रडायचं झालं की मी विहिरीवर जाऊन मोटर चालू करायचे. मोटरच्या आवाजात काय बोललं, कोणाला शिव्या दिल्या, कळायचं नाही. पाणी मात्र उसाला मिळायचं. नाना म्हणायचे, पोरगी कामाची हाय." पुढे तिने गिटारमध्ये तोच आवाज शोधला. "सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तरी आपलं आपल्यापाशी ठेवायचं. म्हणून मला हे संगीत आवडतं."

मला तिचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी भीती. कारण उद्या सकाळी ती मला माईकपाशी उभं करणार हे दिसत होतं. तिने तसं म्हटलंही. या संगीतात बरेचदा दोन आवाज एकमेकांत मिसळतात, कोणाचा कुठला ते कळू नये असे. तिने स्वतःचाच आवाज दोनदा घेऊन पाहिला होता, पण तो जुळून येत नव्हता. नगरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी वेळ ठरवायची होती. मी नाही म्हटलं असतं तर ते गाणं रेकॉर्डमधून वगळणार होते.

सकाळी पिठलं-भाकरी खाऊन मी उभी राहिले. म्हटलं, एकदा म्हणून बघू, नाही जमलं तर मोकळी. आणि गायले. आईने शिकवल्याप्रमाणे गायले. एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवलं. 'वाळत' मधला ळ असा लावला की आई खूश झाली असती.

आबाने ड्रम थांबवले. "ताई, गानं म्हनताय का बातम्या देताय?"

मी काही बोलायच्या आत चौकटीत शेजारच्या हिराकाकू उभ्या होत्या. बोटांना कणीक तशीच. काकूंचं घर बांधापलीकडे आहे, तेही बिनदाराचं, त्यामुळे बँडचा प्रत्येक सराव त्यांच्या स्वयंपाकघरात होतो.

"आज शब्द कळाले गं," काकू म्हणाल्या. "वाळत घातली सावली? सावली कोन वाळत घालतंय?"

वृषाली म्हणाली, "कविता आहे काकू."

"असंल." काकू जरा थांबल्या. "मला वाटायचं, बाळंत झाली सावळी."

सावळी म्हणजे त्यांची मुलगी सविता, पुणतांब्याला दिलेली. रंगावरून तिला लहानपणापासून सावळीच म्हणतात. या उन्हाळ्यात ती बाळंत झाली, अवघड होतं, पण दोघं सुखरूप आहेत. काकूंना वाटत होतं वृषालीने ते गाणं तिच्यावर केलंय. सरावाच्या वेळी त्या फोन लावून बाहेर धरायच्या, की ऐक, तुझं गाणं चाललंय. लेकीने ते बाळालाही ऐकवलं होतं.

"न्हाई तर न्हाई," काकू म्हणाल्या. "चांगलं गातीस बाळा तू. समदं कळतं." आणि गेल्या.

मला आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट उच्चारांची लाज वाटली. मी एका वाक्यात एक गाणं मोडलं होतं. वृषालीलाही सावळीचं माहीत नव्हतं. ती बराच वेळ गिटार जुळवत राहिली, जुळलेली असूनही. मग म्हणाली, "परत घेऊ."

मी विचारलं, "शब्द बदलूया? बाळंत झाली सावळी करूया?"

"नको. मग नानांची पावली जाईल."

तेव्हा आईच्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं. शब्द अस्पष्ट ठेवणं म्हणजे आळस नव्हे. आपण जागा सोडतो, ऐकणारा तिथे येऊन बसतो. पण जागा सोडायलाही सूर पक्का लागतो, नाहीतर ते नुसतं पुटपुटणं होतं. आणि सूर पक्का होता. लांब श्लोक एका श्वासात म्हणायची सवय होती. मी आवाज खाली आणला, ओठ कमी हलवले आणि वृषालीच्या आवाजाच्या शेजारी माझा ठेवला. दुसऱ्या कडव्यात तो शेजारी राहिला नाही, तिच्यात गेला. माझा आवाज मला ऐकू येईना. एरवी मी घाबरले असते. त्या क्षणी मला वाटलं, मी इतकी मोठी कधीच नव्हते.

गाणं संपलं. इम्रान म्हणाला, "हेच." बांधापलीकडून भांड्यांचा आवाज येत होता, आणि त्यात काकू गुणगुणत होत्या. कोणते शब्द ते मी ऐकायला गेले नाही.

दुपारच्या जीपने निघाले. देवाच्या चौथऱ्याला नमस्कार केला, रीत म्हणून एक तेलाची बाटली वाहिली. वृषाली म्हणाली, पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला, स्टुडिओ रिकामा आहे, पण रात्रीपर्यंत सांग, दुसऱ्याही कोणाला हवाय. मी म्हटलं, आईला ऐकवते. ती म्हणाली, ऐकव, पण विचारू नकोस.

गाडीत खिडकीशी बसून मी सकाळच्या सरावाचं मोबाईलवर घेतलेलं रेकॉर्डिंग सारखं ऐकत होते. आमच्या जिल्ह्याबद्दल लोक मला देवदर्शन, दुष्काळ आणि साखर कारखाने एवढंच विचारतात. आता मी सांगणार आहे की एका बिनदाराच्या घरात तीन माणसं अनवाणी पायांनी असं संगीत करतात की बांधापलीकडची बाई त्यावर भाकऱ्या थापते. पुण्यातल्या फोमच्या खोल्यांत हे मी ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर आईच्या कानात हेडफोन घातले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मी तिचा चेहरा बघत होते, शिकवणीत बघायचे तसा.

"यात तू कुठली?" तिने विचारलं.

"मलाच ओळखू येत नाही."

तिने परत लावलं. एका ठिकाणी थांबवलं, थोडं मागे नेलं.

"हा तुझा," ती म्हणाली. "ओळीच्या आधी श्वास घेतेस ना, तो. पोट भरून. दुसरीचा उथळ आहे."

मग हेडफोन काढून तिने विचारलं, "ते बाळंतपणाचं गाणं आहे का?"

मी नाही म्हटलं नाही. वृषालीला फोन केला आणि सांगितलं, मंगळवारी, अठरा तारखेला, मी येतेय.