काल्हेरहून आलेली गोणी

केदारला कुणी विष वाढलं असतं ना, तरी "थोडंच द्या" म्हणाला असता. असा भिडस्त माणूस! भिवंडीतल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक. घरी हॉलमध्ये काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी आणि जिवंत प्रवाळ. प्रवाळ वाढायला पाण्यात कॅल्शियम लागतं. बाटल्या महाग, म्हणून कॅल्शियम क्लोराईड आणून द्रावण तो घरीच करायचा. आणायचा तेही पनीरवाले वापरतात तसलं, खाण्याच्या प्रतीचं.

हे बायको मनालीच्या भावाला, भूपेशला, कळलं. भूपेश काल्हेरच्या गोडाऊनवर सुपरवायझर, दर खेपेला काही ना काही घेऊन येणारा. रविवारी सकाळीच गोणी खांद्यावर घेऊन हजर.

"दाजी, तुमचं कॅल्शियम क्लोराईड! कंटेनरमधल्या मालाला ओल लागू नये म्हणून आम्ही ठेवतो ना, तेच हाय. आता वर्षभर बघायला नको."

माहेरचं परत पाठवायचं म्हणजे मनालीला काय वाटेल! केदारने नेहमीसारखी मान हलवली आणि मूठभर बादलीत टाकलं. पाणी गरम झालं. ते होतंच. पण वर राखाडी तवंग आला, तेलकट वास सुटला. नाव तेच, पण ओल शोषायच्या मालात आणखी काय मिसळलंय, देव जाणे!

"ओता ना दाजी," भूपेश कौतुकाने टाकीशी उभा.

केदारने बादली टाकीपर्यंत नेली. करंगळीएवढं आणलेलं जांभळं प्रवाळ चार वर्षांत तळहाताएवढं झालं होतं. अरे बाबा, आता तरी तोंड उघड!

"नाही ओतणार," तो कसाबसा म्हणाला. "मरतील रे ती. हे मला नको, भूपेश."

मनाली स्वयंपाकघराच्या दारात थबकली. भूपेशचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हंजे आजवर आणलेलं पण नकोच होतं?"

"काही काही," केदार म्हणाला. अगं बाई, एवढं खरं!

भूपेशने गोणीचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "दाजी, चौदा वर्षं झाली लग्नाला. आमचं काय आवडतं, काय न्हाय, कधी बोललात का? आई म्हणते, जावई अजून पाहुणाच हाय."

केदारच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाईंना असं वाटतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आईंना सांग," तो म्हणाला, "त्यांच्या सुकटीच्या कालवणावर माझा जीव आहे. फक्त तिसऱ्यांदा भात वाढू नका म्हणावं."