लोंबीवरची कुसळं

गुरुवार, सकाळचे आठ बावीस. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर नूतन गायकर उन्हात उकिडवी बसून आकडे मोजत होती. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. समोर काच. काचेखाली चित्राची पारदर्शक फिल्म, आणि तिच्याखाली कोटिंग लावलेली जाळीची फ्रेम. ऊन लागतं तिथे कोटिंग कडक होतं. चित्राची काळी रेघ असते तिथे ते मऊ राहतं आणि पाण्याने धुऊन निघतं. त्या मोकळ्या जागेतून रंग कापडावर उतरतो. स्क्रीन प्रिंटिंगचं शास्त्र एवढंच आहे. बाकी सगळा बिघाड.

साठ झाले तसं तिने फ्रेमवर कापड टाकलं, खाली गाळ्यात आणली, पाणी मारलं आणि ट्यूबलाइटसमोर धरली. भाताच्या लोंबीचे दाणे स्वच्छ उघडले होते. दाण्यांच्या टोकांची कुसळं मात्र बंदच. केसाएवढ्या बारीक त्या रेघांपैकी एकीतूनही उजेड येत नव्हता.

काल कोटिंग करून ठेवलेल्या पाच फ्रेमांपैकी ही बिघडलेली तिसरी. आता दोन उरल्या होत्या. नवं कोटिंग वाळायला दुपार उलटली असती आणि नमुना बारा वाजता दाखवायचा होता.

काम सोनिवलीचं होतं. गावच्या क्रिकेट संघाचे दोनशे चाळीस टी-शर्ट, छातीवर लोंबी, सामने रविवारी. शेतं बहुतेक इमारतींखाली गेली असली तरी कमिटीला चिन्ह म्हणून लोंबीच हवी होती. कमिटीचा म्होरक्या भगवंत हा नूतनचा थोरला दीर. मंगळवारच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, बदलापूरला डिजिटलवाला आहे, बाईच्या भरवशावर कशाला थांबायचं? भगवंतने मधला मार्ग काढला. गुरुवारी बारापर्यंत नमुना चांगला दिसला तर काम नूतनचं, नाहीतर बदलापूरचं. सोनिवलीत ज्या घरात तिला रोज संध्याकाळी परत जायचं होतं, त्याच घरातला माणूस हा निकाल देणार होता.

नूतन एक्केचाळीस वर्षांची आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी ती कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली, तिथून छपाईत आली. छपाईत बायकांनी ओले टी-शर्ट उचलून वाळत घालायचे, फ्रेम पुरुषांनी बनवायची, असा रिवाज. फ्रेम बनवणारा माणूस एका गणपतीत गावी गेला तो महिनाभर आलाच नाही, आणि त्या महिन्यात नूतन फ्रेम बनवायला शिकली. त्याला सोळा वर्षं झाली. आज आजूबाजूच्या गल्ल्यांमधल्या कोणत्याही गाळ्यात रंग पसरला, जाळीत वाळला किंवा धुण्यात निघाला, की बिघडलेला तुकडा तिच्याकडे येतो. ती तो उलटसुलट बघते, वास घेते आणि एकच प्रश्न विचारते: "काय बदललंस?" समोरचा दर वेळी म्हणतो, काहीच नाही. दर वेळी काहीतरी बदललेलं असतं. रंगाचा डबा, कापडाचा व्यापारी, पंख्याची जागा. असे तुकडे तिने एका तारेत ओवून ठेवले आहेत, प्रत्येकावर मार्करने कारण लिहून. साठाच्या वर असतील.

आज तो प्रश्न तिने स्वतःला विचारला. रंगाचा दोष असू शकत नव्हता, कारण रंग अजून जाळीला लागलाच नव्हता. जाळी नेहमीचीच, कोटिंगचा डबा तोच. तिने अंबरनाथ पश्चिमेला उन्मेषला फोन लावला. फिल्म त्याने काढली होती.

"उन्मेष, काळं पुरेसं काळं आहे ना रे?"

"ताई, बल्बसमोर धरा. काळ्यातून बल्बची तार दिसली तर मिशी काढतो."

"तुझ्या मिशीचं मी काय करू?" तिने फिल्म बल्बसमोर धरली. तार दिसली नाही. उन्मेषची मिशी वाचली.

मग वेळ. जास्त ऊन लागलं तर बारीक रेघा बंद होतात, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. चौथी फ्रेम तिने फक्त चाळीस आकडे उन्हात ठेवली. पाणी मारल्यावर संघाच्या नावाच्या जाड अक्षरांच्या कडा सुटून वाहू लागल्या, आणि कुसळं तरीही बंद. म्हणजे ऊन कमीही पडलं होतं आणि जास्तही.

गाळ्याचा मालक भावेश चहा घेऊन आला. नवा गाळा घेऊन त्याला दहा दिवस झाले होते आणि छपाईची सगळी जबाबदारी त्याने नूतनवर टाकली होती.

"दीदी, रेघा जाड करून टाका ना. कोण बघतंय?"

"मी बघते. जाड केल्या तर ती लोंबी नाही, दाढीचा ब्रश होईल, भावेशशेठ."

तिने चौथी फ्रेम पुन्हा उजेडात धरली आणि ओलं बोट जाळीवरून फिरवलं. काचेकडची बाजू मोकळी होती. आतल्या बाजूला, कुसळांवर, कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा. उजेड आतून आला होता. उन्हात ठेवताना फ्रेमच्या आत फोम असतो आणि फोमवर काळं कापड. जाळीतून गेलेलं ऊन काळ्याने गिळायचं असतं, परत फेकायचं नसतं.

ती गच्चीवर गेली. फोमवर पांढरंशुभ्र, इस्त्री केलेलं सुती कापड ताणून बसवलं होतं. नव्या गाळ्यात ती फ्रेम त्यावर उपडी ठेवत आली होती. खाली काय आहे ते तिने पाहिलंच नव्हतं.

खाली गाळ्याच्या दाराशी भावेशची आई अगरबत्ती लावत होती.

"अम्मा, फोमवरचं काळं कापड कुठे गेलं?"

"मैंने फेंक दिया. नये गाले में पूजा के दिन काला कपड़ा? अच्छा नहीं होता, बेटा. मैंने नया सफेद लगाया, अपने हाथ से सिला."

दहा दिवस फक्त जाड अक्षरांचं काम निघालं होतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. भावेशने कपाळाला हात लावला. नूतन थेट बाहेर पडली. शेजारच्या जीन्सवाल्याकडून तिने खिशाच्या अस्तराचं काळं कापड मागून आणलं, फोमच्या अर्ध्या भागावर टाचलं आणि उरलेलं अर्धं पांढरंच ठेवलं.

"एक ही फ्रेम बची है, दीदी," भावेश घाबरून म्हणाला. "पूरा काला लगाओ ना."

"फिल्मवर लोंबी दोनदा आहे. एका अर्ध्यात नमुना निघेल, दुसऱ्यात खात्री."

ऊन आता चढलं होतं, म्हणून तिने साठाऐवजी पन्नासच मोजले. पाणी मारताना भावेश आणि अम्मा दोघंही मोरीपाशी उभे होते. पांढऱ्या बाजूची कुसळं बंद. काळ्या बाजूची एकामागून एक उघडत गेली, शेवटच्या टोकापर्यंत. सतरा होती, सतराच्या सतरा उघडली.

अम्माने दोन्ही बाजू नीट निरखल्या. "रहने दे काला," ती म्हणाली. "नज़र भी नहीं लगेगी."

भगवंत बाराला दहा मिनिटं असतानाच हजर झाला. नूतनने निळ्या टी-शर्टवर फ्रेम टेकवली, रंगावरून रबरी पट्टीची स्क्वीजी एकदाच ओढली आणि फ्रेम उचलली. त्याने कपडा उन्हात नेला, डोळ्यांजवळ धरला. तीस वर्षं भात लावलेला माणूस तो.

"काय गो, ही तं आपल्या शेतातली दिसते," तो म्हणाला. मग मोबाइल काढून फोटो घेतला आणि कमिटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: काम आमच्या नूतनकडे.

"भावजी, डिजिटलवाल्याला कळवलंत का?"

"त्याला कशाला कळवू? त्याला दिलं तरी कवा होतं?"

नूतन हसली. बिघडलेल्या अर्ध्याची छाप तिने एका चिंधीवर घेतली, ती तारेत ओवली आणि मार्करने लिहिलं: खाली पांढरं कापड. चूक माझी, बघितलं नाही. भावेशने ते वाचलं आणि तार खिळ्याला परत टांगली.

दुपारी तिने चार नव्या फ्रेमांना कोटिंग लावून त्या अंधाऱ्या खोलीत वाळत ठेवल्या. शुक्रवारी गाळा पावणेआठला उघडेल. पहिले एकशे वीस टी-शर्ट दुपारी एकपर्यंत छापून होतील, उरलेले एकशे वीस संध्याकाळी साडेपाचपर्यंत.