पडते काका पुलावर अडतात

इस्पितळाच्या चादरी वाहणारी व्हॅन चालवता चालवता त्यांचे केस पिकले होते. धुलाईखान्यात सगळे त्यांना ‘पडते काका’ म्हणत, कारण रस्त्यात कुणीही आडवं आलं की काका पडती बाजू घेत. चौकात स्कूटर घुसली, जाऊ दे. उलट्या बाजूनं टेम्पो आला, त्यालाही हात करून पुढे काढायचं. बायको म्हणायची, “मरण दारात आलं तरी म्हणाल, आधी शेजारी जाऊन या.”

“भांडायला अंगात ताकद लागते गं,” काका म्हणायचे. “तेवढी उरत नाही.”

त्या दिवशी गाठोडं उचलताना त्यांची मान आखडली. दुपारी मळक्या चादरींनी गच्च भरलेली व्हॅन घेऊन ते ओढ्यावरच्या पुलावर चढले. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आधी चढेल तो आधी उतरेल, हा तिथला नियम. काका अर्ध्याहून पुढे आले होते, तेवढ्यात समोरून एक नवी कोरी गाडी चढली आणि नाकाला नाक भिडलं. चालवणारा तरुण, शेजारी त्याची बायको. पठ्ठ्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना.

सवयीनं काकांनी रिव्हर्स टाकला. मान वळवायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी इंजिन बंद केलं.

तरुणानं काचेतून डोकं बाहेर काढलं. “काका, मागे घ्या ना!”

“मी आधी चढलोय. तुमच्या मागे रस्ता मोकळा आहे, तुम्हीच घ्या.”

“दोन मिनिटांचं तर काम आहे!”

“मग करा की.”

काकांना वाटायचं, असं हक्कानं अडून बसणाऱ्यांची छाती फुलून येत असेल. तसलं काही होईना. नुसतं उकडत होतं आणि चादरींचा कुबट वास येत होता. मागे दुधाची गाडी येऊन थांबली, तिच्यामागे आणखी दोन. सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले.

शेवटी ती मुलगी उतरून काकांच्या खिडकीशी आली. हळूच म्हणाली, “काका, रागावू नका. त्याला मागे घेता येत नाही. नुकताच शिकलाय.”

“मग तसं सांगायचं! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?” काकांनी कपाळ पुसलं. “तुम्हाला येते का?”

“मला सायकलसुद्धा येत नाही.”

काका एक हात मानेवर ठेवून खाली उतरले. तरुण मुकाट्यानं शेजारच्या सीटवर सरकला. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. काकांनी दातावर दात दाबून मान वळवली आणि कठड्याला न घासता परक्याची गाडी इंचाइंचानं मागे नेली. ती मुलगी पुढून चालत येत होती.

“सॉरी, काका,” तरुण पुटपुटला.

“राहू द्या. रिकाम्या मैदानात जाऊन शिका.”

पुलावरून पायी चालत ते व्हॅनकडे परतले, तर दूधवाला ओरडला, “ओ, गाडी मध्येच टाकून फिरायला कुठे गेला होता?”

काकांनी व्हॅन सुरू केली.

धुलाईखान्यात मुकादमानं विचारलं, “एवढा उशीर?”

“पुलावर एक जण समोर आला. मी वाट सोडली नाही.”

“तुम्ही?”

यंत्रावरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी टाळी वाजवली. “पडते काका अडले रे!” म्हणत दोघं-तिघं आपणहून पुढे आले आणि गाठोडी उतरवायला लागले. असं याआधी कधी झालं नव्हतं. पुढची हकिकत काकांच्या ओठांवर आली होती. पण ती सांगितली असती, तर ओझी परत आपल्याच अंगावर आली असती. ते बाकावर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.